धुकं, भोंगा आणि दोन लिटर पेट्रोल

सून : बाबा, आधी तो जनरेटर बंद करा.

सासरे : का? दीड तास झाला लावून. काटा आत्ता कुठे वर चढतोय.

सून : काटा चढतोय, बॅटरी नाही चढत. भोंगा दाबून बघा. सकाळी खणखणीत वाजत होता, आता घसा बसल्यासारखा घरघरतोय. आणि ह्या मशीनच्या धडधडीत मला बाहेरचं काही ऐकू येत नाहीये. तुमचा मुलगा होडीतून दहा हातांवरून हाक मारत असला तरी कळायचं नाही आपल्याला.

सासरे : आणि बंद केल्यावर भोंगाच गेला तर? तो येणार कशाच्या मागावर? इंजिन खोलून ठेवलंय, त्याचा पंप किनाऱ्यावर दुरुस्तीला गेलाय. बोट नांगरावर. हे डबडं सोडलं तर दुसरं आहे काय आपल्याकडे?

सून : म्हणूनच सांगतेय. आहे तेवढ्या पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त भरून घ्यायचं, पण मशीन कमीत कमी वेळ चालवायचं. उरलेला वेळ नुसते कान. पेट्रोल किती राहिलंय?

सासरे : कॅनमध्ये दोन लिटर. टाकीत तळाला काहीतरी असेल.

सून : बास, तेवढंच?

सासरे : उद्या पंप बसवून आपण निघणार होतो. मला काय स्वप्न पडलं होतं? बंदराच्या कचेरीवाले काय म्हणाले ते सांग.

सून : तेच तुणतुणं. धुकं उठल्याशिवाय लाँच सोडता येत नाही. दर दोन मिनिटांनी भोंगा द्या आणि मग कान देऊन ऐका. त्याचं शेवटचं बोलणं कधी झालं, हे तीनदा विचारलं. तीनदा सांगितलं, साडेआठला. खाडीतल्या आठव्या तरंगत्या बोयाचा दिवा बदलला, परत निघालोय, पण मोटार ओढत नाहीये, एवढं बोलला आणि त्याचा वायरलेस गेला. मोटार आणि वायरलेस, दोन्ही होडीतल्या त्या एकाच बॅटरीवर.

सासरे : आणि फोन?

सून : फोन आत टेबलावर आहे. घाईत विसरला.

सासरे : घाईत नाही. रागात. साडेअकराला ओहोटी लागते हे सांगितलंस त्यांना?

सून : सांगितलं. लिहून घेतलं म्हणाले.

सासरे : लिहून घेतलं. उंटावरून शेळ्या हाकतात मेले. ओहोटी लागली की होडी खाडीच्या तोंडाकडे खेचली जाते, आणि तिथे लाटा फुटतात. तोंडाबाहेर गेलेली होडी मी चाळीस वर्षांत एकदाच परत आलेली बघितली. रिकामी.

सून : दहा वाजून दहा मिनिटं झालीत. आपल्याकडे सव्वा तास आहे. बंद करा, बाबा.

सासरे : घे. केला. येतंय काही ऐकू?

सून : थांबा जरा. नाही. पाणी आदळतंय तेवढंच. तुम्हाला?

सासरे : मला काय विचारतेस. इंजिनाशेजारी जन्म गेला. डावा कान गेलाय, उजवा जायच्या वाटेवर आहे. माझ्या लेखी मशीन चालू काय आणि बंद काय.

सून : मग कान माझे आणि हात तुमचे. ती वायर काढा आधी. जनरेटरच्या त्या बारा व्होल्टच्या भोकातून येते ना, तीच. त्यातून फक्त आठ अँपिअर येतात. पाच आपला फ्रीजच खातो. वायरलेस आणि भोंग्याचं वेगळं. राहिलं काय? दीड तास पेट्रोल जाळलं आणि बॅटरीत चहाच्या चमच्याएवढं गेलं.

सासरे : हळूहळू भरली की बॅटरी टिकते. मी वर्षानुवर्षं अशीच भरत आलोय.

सून : तेव्हा इंजिन भरत होतं, बाबा. तुम्ही नाही. फ्रीज बंद करते मी. तुम्ही बाकाखालचा खोका काढा.

सासरे : कोणता खोका?

सून : तुम्हाला माहीत आहे कोणता. माझा चार्जर. चार महिने तिथे पडलाय.

सासरे : तो बॅटऱ्या जाळेल. एवढा मोठा चार्जर ह्या बॅटऱ्यांना म्हणजे नाकापेक्षा मोती जड. परवाही हेच सांगितलं मी.

सून : परवा तुम्ही सांगितलंत, माझ्या बोटीवर माझी पद्धत चालेल. आम्ही गप्प बसलो. त्यानं तोंडात घास होता तो गिळला आणि ताटावरून उठला. माझ्या माहेरी बॅटरीचं दुकान आहे, बाबा, मी शाळेतून आले की दप्तर टाकून बॅटऱ्यांत पाणी भरायचे. मला आत्ता वाद नको. खोका द्या.

सासरे : हा घे.

सून : हा प्लग जनरेटरच्या घरगुती सॉकेटमध्ये, भिंतीला असतं तसलं असतं ना त्यात. लाल चिमटा इथे, काळा तिथे. मी तोवर बाहेर कान देते. तुम्ही लावा.

सासरे : लावले.

सून : घट्ट? हलवून बघा. आता चार्जर तिसावर ठेवते. चाळीसावर ठेवला तर हे मशीन दम टाकेल. आणि ते बचतीचं बटण बंद करा. ते चालू असलं की मशीन डुलक्या घेत चालतं, एकदम ओझं आलं की बंद पडतं.

सासरे : ते बटण पेट्रोल वाचवायला असतं.

सून : आज पेट्रोल नाही वाचवायचं, वेळ वाचवायचाय. ओढा दोरी.

सासरे : चालू झालं.

सून : तीस. बघा, तीस अँपिअर जातायत. मघाच्या चौपट. भोंगा द्या आता. दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरा.

सासरे : वाजला. बरा वाजला गं.

सून : चार्जर हातभार लावतोय म्हणून. दोन मिनिटांनी परत. पुढे उभे राहून वाजवा, मी इथे... काय झालं? का बंद पडलं?

सासरे : मी नाही काही केलं.

सून : लाल दिवा लागलाय. ओझं जास्त झालं. बाबा, आणखी काय लावलंत ह्याच्यावर?

सासरे : किटली.

सून : किटली? चार्जर आणि किटली एकदम?

सासरे : पाणी ठेवलं होतं. तो भिजून गारठून येणार. आल्या आल्या काही गरम पोटात जायला नको? मला दुसरं काय करता येतंय, सांग.

सून : बरं. बरं, बाबा. किटली काढा. तो आला की मी गॅसवर पाणी ठेवीन. आत्ता ह्या मशीनवर एकच काम. दोरी ओढा परत.

सासरे : लागलं.

सून : पुन्हा तीस. आता अर्धा तास हात लावायचा नाही कशाला. भोंगा.

सासरे : दिला. अर्ध्या तासात हिरवा दिवा लागेल?

सून : हिरव्या दिव्याला चार तास लागतील. तो आपल्याला नकोच आहे. बॅटरी सुरुवातीला घटाघटा पिते, नंतर घोट घोट. घटाघटा पिते तेवढंच द्यायचं आणि मशीन बंद करायचं. घोट घोट चालू झालं की आवाज तेवढाच, पेट्रोलही जळतच राहणार आणि पदरात काही नाही.

सासरे : मोठ्यानं बोल.

सून : म्हटलं, सांगेन तेव्हा बंद करायचं. बाबा, एक विचारू? होडीतली बॅटरी कोणी भरली होती?

सासरे : मी. काल संध्याकाळी.

सून : कशावर?

सासरे : ह्याच्यावरच. त्याच वायरनं.

सून : किती वेळ?

सासरे : तासभर. पण भरली होती ती. काटा तेरावर गेला होता, मी डोळ्यांनी बघितलाय.

सून : कधी बघितलात? वायर काढल्यावर किती वेळानं?

सासरे : किती वेळानं म्हणजे? काढल्या काढल्या.

सून : काढल्या काढल्या.

सासरे : मग काय दुसऱ्या दिवशी बघतात?

सून : दूध उतू येतं तेव्हा पातेलं काठोकाठ दिसतं ना? गॅस बंद केला की किती उरतं? चार्जिंग काढल्या काढल्या काटा तसाच वर उभा असतो. तास दोन तास थांबून बघायचं असतं, तेव्हा खरं कळतं. तासाभरात आठ अँपिअरनं त्या बॅटरीत काहीच गेलं नव्हतं, बाबा. अर्धीही नव्हती ती.

सासरे : मी त्याला म्हटलं, भरली आहे, घेऊन जा.

सून : भोंग्याची वेळ झाली.

सासरे : सकाळी त्यानं विचारलं, बाबा, ही भरली का? परवापासून माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी म्हटलं, मी भरली आहे, म्हणजे भरली आहे.

सून : बाबा, भोंगा.

सासरे : पोराला मी हातानं लोटलं गं.

सून : मला राग आलाय तुमचा. खूप आलाय. तो परत आला की मी तुम्हाला बोलणार आहे, आणि तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल. पण आत्ता तुम्ही रडत बसलात तर भोंगा कोण देणार? दाबा.

सासरे : दिला.

सून : माझा संसार सात महिन्यांचा आहे, बाबा. मला तो परत हवाय. बाकी नंतर बघू.

सासरे : किती अँपिअर आहेत आता?

सून : एकवीस. उतरायला लागलेत. जुन्या बॅटऱ्या लवकर पोट भरल्याचं सोंग करतात. अकरावर आले की बंद करू. तोवर दर दोन मिनिटांनी देत राहा.

सासरे : पावणेअकरा होऊन गेले.

सून : अकरा अँपिअर. करा बंद.

सासरे : अजून थोडं राहू दे. हिरवा नाही निदान पिवळा तरी...

सून : बंद करा.

(जनरेटर थांबतो. सून कठड्याशी कान देऊन उभी राहते. मग भोंगा वाजतो, लांब आणि स्वच्छ.)

सासरे : काही?

सून : नाही.

सासरे : परत देऊ?

सून : दोन मिनिटं होऊ द्या. बोलू नका.

सासरे : मला ही शांतता सोसत नाही. मशीन चालू असलं की वाटतं, आपण काहीतरी करतोय.

सून : मलाही नाही सोसत. गप्प बसा, बाबा.

सासरे : देतो आता.

सून : थांबा. भोंगा नका देऊ. डब्यावर काहीतरी वाजतंय. टण टण. तीन वेळा. परत तीन. पाणी उपसायच्या डब्यावर वल्हं मारतोय तो. बाबा, तोच आहे.

सासरे : कुठून? कुठल्या बाजूनं?

सून : धुक्यात नीट कळत नाहीये. उजवीकडून. उजवीकडे आणि थोडं मागे.

सासरे : किती लांब?

सून : लांब. देवा, लांब आहे. आणि मघापेक्षा आता बारीक येतोय आवाज.

सासरे : घड्याळ?

सून : अकरा पंधरा.

सासरे : जरा आधीच लागली ओहोटी. बोटीचं शेपूट बघ कसं फिरतंय. ऐक. इथे ओहोटीचं पाणी आधी उजव्या काठानं धावतं, मग वळून बरोब्बर आपल्या मागून जातं. चाळीस वर्षं बघतोय. तो आता आपल्या बाजूनं खाली वाहत येणार आणि आपल्या मागून तोंडाकडे जाणार. वल्हं मारून त्याला पाणी कापता यायचं नाही. मागून जाताना त्याच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे.

सून : काय लागणार?

सासरे : दोर. बोये ओढायचा लांब दोर आहे ना, तो सगळा मागे सोडायचा. तरंगायला दर वीस हातांवर डबा बांधायचा. रिकामे डबे काढ. रंगाचे, तेलाचे, झाकणवाले सगळे.

सून : हे चार आहेत. पुरतील?

सासरे : पेट्रोलचा कॅनही बांधू. जनरेटरमध्ये ओत त्यातलं.

सून : मशीन गरम आहे. गरम मशीनवर पेट्रोल नाही ओतायचं, भडका उडेल. बादलीत ओतते आणि झाकून ठेवते लांब.

सासरे : कर. गाठ मी मारतो. गाठीला मला कान लागत नाहीत. सोडतोय बघ. पाणीच ओढून नेतंय दोराला. भोंगा तू दे आता.

सून : देते. बाबा, आवाज पडतोय भोंग्याचा.

सासरे : पडणारच, किती वेळ वाजतोय. टाकीत आहे का पेट्रोल?

सून : दहा-पंधरा मिनिटांपुरतं असेल. पण मशीन लावलं तर मला तो ऐकू येणार नाही. आणि नाही लावलं तर भोंगा जाणार. बाबा, मला सुचत नाहीये.

सासरे : लाव मशीन.

सून : ऐकायचं कसं मग?

सासरे : ऐकायचं काम संपलं. तो कुठून येणार हे आता मला माहीत आहे. त्याला आपण कुठे आहोत ते कळलं पाहिजे. तूच म्हणालीस ना, बॅटरी घटाघटा पिते तेव्हा द्यायचं. आता पिईल. लाव, आणि भोंगा सोडूच नकोस. दाबून धर. डब्यांचं तांबडं पिवळं दिसलं की त्याला कळेल, बापानं दोर सोडलाय.

सून : लावला. तीस.

सासरे : दे भोंगा.

सून : देतेय. तुम्ही वाकू नका एवढे पुढे. कठडा धरा.

सासरे : दोर माझ्या हातात आहे. मला धरायचंय ते धरलंय.

सून : काही जाणवतंय?

सासरे : पाण्याची ओढ आहे. सारखी एकच ओढ.

सून : पाच मिनिटं झाली.

सासरे : होऊ देत.

सून : तो पुढे गेला असला तर?

सासरे : भोंगा सोडू नकोस.

सून : बाबा, मशीन गचके खातंय. पेट्रोल संपतंय.

सासरे : थांब.

सून : काय?

सासरे : हिसका आला. पाण्याचा नाही. एक. थांब. आणखी एक. तीन हिसके दिले गं. तीन. माणसाचा हात आहे दोराला. ये इकडे, मला एकट्याला ओढवायचं नाही. माझ्या मागे उभी राहा, पाय कठड्याला लाव.

सून : मशीन बंद पडलं.

सासरे : पडू दे त्याला. ओढ. घाई नको. माझ्याबरोबर. हं. परत. हं.

सून : ऐकू येतोय. बाबा, हाक मारतोय तो. मला हाक मारतोय.

सासरे : उत्तर दे की मग. तोंड शिवलंय का?

सून : आहोत इथे. सोडू नकोस दोर. मनगटाला गुंडाळ. आम्ही ओढतोय.

मुलगा : गुंडाळलाय. होडीत पाणी भरलंय. हळू ओढा.

सासरे : दिसला. हात दे. दुसरा हात. तिला नको, मला दे. ये वर.

मुलगा : बाबा, दमानं. खांदा निखळेल माझा.

सासरे : निखळू दे. बसवू परत.

सून : गार पडलायस नुसता. ओठ बघ कसे झालेत. बोलू नकोस, बस इथे.

मुलगा : चुकलं माझं, बाबा. त्या बॅटरीवर मी काल रात्री नवा दिवा लावून बघत बसलो होतो. त्यातच गेली असणार. तुम्ही भरून दिली होती आणि मी...

सून : मी ब्लँकेट आणते आणि गॅसवर पाणी ठेवते. बाबा, तुम्ही बोला त्याच्याशी.

सासरे : दिवा किती वेळ लावला होतास?

मुलगा : पाच मिनिटं असेल.

सासरे : पाच मिनिटांनी काय होतंय. ती भरलीच नव्हती. मी अर्धवट भरली, चढलेला काटा बघितला आणि भरली म्हणून तुझ्या हातात दिली. हिनं मघाशी समजावलं मला. चूक तुझी नाही. माझी आहे.

मुलगा : मला शंका आली होती.

सासरे : कधी?

मुलगा : सकाळीच. होडीत ठेवताना. तासाभरात ती भरत नाही, हे मला माहीत होतं.

सासरे : मग मोजली का नाहीस? मीटर तर कायम खिशात असतो तुझ्या.

मुलगा : तुम्ही समोर उभे होतात.

सासरे : चालतोय का तो अजून, का भिजला?

मुलगा : चालतोय.

सासरे : मग आपल्या बॅटऱ्या मोज. मी इथेच उभा आहे.